खापर हातात आलं की नेमकं काय बघायचं? नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

तांब्याचं भांडं फुटलं की लोक वितळवून नवं करतात, लाकूड वाळवी खाते, कापड जमिनीत टिकतच नाही, पण मातीचं मडकं फुटलं की त्याचं कुणाला काहीच करता येत नाही, तुकडे घराबाहेर उकिरड्यावर जातात आणि तिथेच दोन-तीन हजार वर्षं पडून राहतात. म्हणून गाववस्तीच्या कुठल्याही उत्खननात ढिगाने मिळतं ते खापरच. नाणी, मणी, मूर्ती यांचे फोटो पेपरात येतात, खापराचे येत नाहीत, पण साइटचा काळ ठरवताना बहुतेक वेळा पहिला आधार खापराचाच असतो.

1890 मध्ये फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने पॅलेस्टाइनमधल्या तेल अल-हेसीच्या टेकाडावर हेच दाखवून दिलं होतं. ओढ्याने कापलेल्या कड्यात त्याला थरावर थर दिसत होते आणि प्रत्येक थरातली खापरं वेगळी होती, म्हणजे खालची खापरं जुनी, वरची नवी, आणि एकदा हा क्रम पाठ झाला की दुसऱ्या गावात तसंच खापर मिळालं तर त्याचाही काळ अंदाजाने सांगता येतो. आज कार्बन डेटिंग वगैरे सगळं आलंय, तरी फील्डवर उभं राहून पाच मिनिटांत अंदाज बांधायचा तर हीच पद्धत.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः महाराष्ट्रातली साइट डोळ्यासमोर ठेवून.

पायरी 1: आधी जागा बघा, खापर नंतर

नवीन माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर वाकून तुकडा उचलतो. थांबा. खापर कुठे पडलंय ही त्याची अर्धी माहिती आहे आणि उचललं की ती गेली.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पांढर कुठंय? पांढरीचं टेकाड म्हणजे जुन्या वस्तीची जागा, नदी-ओढ्याच्या काठाला, आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा जरा उंच, माती राखाडी-पांढुरकी आणि भुसभुशीत, कारण त्यात शतकानुशतकांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती मिसळलेली असते. मराठवाड्यात माळवदाच्या घरांवर टाकायला हीच पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेलीय, त्यामुळे बरीच टेकाडं कापलेली दिसतात. नुकसान व्हायचं ते झालंय, पण तो कापलेला उभा कडा शिकणाऱ्यासाठी सोन्यासारखा असतो, कारण थर उघडे दिसतात: राखेची काळी रेघ, सारवलेली जमीन, मग खापरांचा दाट पट्टा, मग परत माती.

नांगरलेल्या शेतातली खापरं वरखाली मिसळलेली असतात, त्यामुळे तिथे जुन्या-नव्याचा क्रम लावायला जाऊ नका. तिथून एवढंच कळतं की इथे वस्ती होती, अंदाजे केवढ्या भागात होती आणि कोणकोणत्या काळात होती. तेही कमी नाही. पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर, पीक उभं राहायच्या आधी गेलात तर माती धुऊन खापरं स्वच्छ उघडी पडलेली असतात. शेतमालकाला विचारूनच जा, आणि काय बघताय ते त्याला नीट समजावून सांगा, नाहीतर गावात गुप्तधनाची चर्चा सुरू होते आणि रात्री कुणीतरी टिकाव घेऊन येतं. हे खरंच होतं आणि त्याने साइटची वाट लागते.

फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, मोबाइलवर लोकेशन घ्या आणि तुकडा आहे तिथेच राहू द्या. पुढच्या पायऱ्यांत तुकडे हाताळायचे ते परवानगीने गोळा केलेले.

पायरी 2: खापर नसलेलं बाजूला काढा

सुरुवातीला सगळं लाल ते खापरच वाटतं. नळीची कौलं जाड असतात, एकाच दिशेने वळलेली, भांड्यासारखी दोन्ही दिशांनी नाही. मंगलोरी कौलावर साच्याचे कंगोरे असतात, कधीकधी कारखान्याच्या नावाची अक्षरंपण. विटेचे तुकडे सपाट आणि ठोकळ. कपबशीचे पांढरे तुकडे, ड्रेनेजच्या पाइपचे चॉकलेटी चकचकीत तुकडे हे ओळखायला सोपे. अवघड जातो तो रांजण आणि माठ, म्हणजे गेल्या शे-दीडशे वर्षांतली गावठी भांडी, कारण बनवायची पद्धत फार बदललेली नाही. अशा तुकड्यावर अडून बसू नका, शंकास्पद म्हणून नोंदवा आणि पुढे चला.

पायरी 3: काठ शोधा

शंभर तुकडे समोर असतील तर त्यातले बहुतेक पोटाचे असतात, सपाट, वळणदार, एकसारखे, त्यातून आकार कळत नाही. भांडं कळतं ते काठावरून. म्हणून तुकडे चार गटांत करा: काठ, गळा-खांदा, पोट, बूड. तोटी, कान, झाकणाची मूठ, असलं काही असेल तर ते वेगळं.

काठ मिळाला की व्यास काढता येतो आणि त्यासाठी कुठलंही महागडं साधन लागत नाही. जाड कागदावर एकाच मध्यातून एकेक सेंटीमीटरच्या अंतराने वर्तुळं काढून ठेवा. काठाचा तुकडा उलटा करून सपाट फळीवर टेकवा आणि सावकाश पुढे-मागे झुकवा, काठ आणि फळी यांच्यामधून येणारा उजेड पूर्ण बंद झाला की समजायचं हा भांड्याचा मूळ कल. त्याच कलात तुकडा वर्तुळांच्या कागदावर सरकवत न्या, ज्या वर्तुळाशी काठाची बाहेरची कड बरोबर जुळते तो तोंडाचा व्यास. वर्तुळाचा विसावा भागसुद्धा हातात नसेल तर त्या मापावर फार विसंबायचं नाही.

हे एकदा हाताने करून बघाच, कारण तळहाताएवढ्या तुकड्यावरून अख्खं मडकं डोळ्यासमोर उभं राहतं ते इथे. अरुंद तोंड आणि उंच गळा असेल तर पाणी किंवा दुसरं काही पातळ ठेवायचं भांडं असण्याची शक्यता जास्त, रुंद तोंड आणि उथळ पोट म्हणजे खायचं-वाढायचं, जाड भिंत आणि भला मोठा व्यास म्हणजे धान्याची साठवण. बाहेरून बुडाकडे काजळी धरली असेल तर ते चुलीवर चढलेलं आहे, त्यात फारसा वाद नाही.

पोटाचे तुकडे फेकायचे नाहीत मात्र. त्यातच कधीकधी कडा घासून गोल केलेली चकती सापडते. मडकं फुटल्यावर कुणीतरी तो तुकडा निवडून, घासून दुसऱ्या कामाला लावलेला असतो, खेळायला, झाकण म्हणून, किंवा मधोमध भोक पाडून सूत कातायच्या चातीला. तडा गेलेल्या भांड्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून ते बांधून वापरल्याच्या खुणापण मिळतात.

पायरी 4: तुटलेली कड बघा

वरचा रंग फसवतो, आतला भाग सहसा फसवत नाही. भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं, आणि तुकड्याची तुटलेली कड उजेडात धरा.

माती किती बारीक चाळलेली आहे, त्यात वाळूचे कण आहेत का, बारीक लांबट पोकळ्या आहेत का? पोकळ्या म्हणजे मातीत तूस, भुसा किंवा लीद मिसळली होती, भाजताना ती जळून गेली आणि जागा रिकामी राहिली. ही मिसळ कुंभार मुद्दाम करतो, म्हणजे वाळताना आणि भाजताना भांडं तडकत नाही. अभ्रकाची चमचम दिसली तर तीपण लिहून ठेवा, विदर्भात शिळावर्तुळांच्या, म्हणजे दगडांची वर्तुळं रचलेल्या जुन्या दफनांच्या साइटवर, माहुरझरी किंवा नायकुंडसारख्या ठिकाणी, अभ्रकमिश्रित लाल खापरं मिळतात.

मग गाभा बघा. बाहेरून-आतून लाल आणि मध्ये काळी पट्टी, हे खूप दिसतं. मातीतला सेंद्रिय भाग पूर्ण जळायला पुरेसा वेळ किंवा पुरेसा हवा-जाळ मिळाला नाही की मधे काळं राहतं. बरेच जण काळा गाभा बघून लगेच म्हणतात की खूप जुनं आहे, तसं काही नसतं, गावठी आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजलेल्या आजच्या मडक्यातही काळा गाभा दिसतो. यावरून भाजणी कळते, वय कळत नाही.

पायरी 5: हाताने की चाकावर

आतली बाजू बोटाने चाचपून बघा. चाकावर केलेल्या भांड्याच्या आत बारीक समांतर रेषा गोल गेलेल्या असतात आणि भिंतीची जाडी बरीच एकसारखी असते. हाताने केलेल्यात जाडी कमीजास्त, कुठे बोटांचे खळगे. तिसरा प्रकार थापटलेला, म्हणजे गळा चाकावर करून पोट आतून गुंडा (गोल दगड) धरून बाहेरून फळीने थापटत मोठं केलेलं, अशा तुकड्यात आतून उथळ गोल खळगे लागतात आणि काठाजवळ मात्र चाकाच्या रेषा. एकाच भांड्यात दोन्ही खुणा दिसल्या तर गोंधळून जाऊ नका.

पायरी 6: रंग आणि भाजणी

मातीत लोह असतं, भाजताना भरपूर हवा मिळाली तर ते लाल होतं, हवा कोंडली तर काळं-करडं. सगळा रंगाचा खेळ बहुतेक याच एका गोष्टीवर चालतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे काळी-लाल खापरं. आतून पूर्ण काळं, बाहेरून काठापाशी काळं आणि खाली लाल. रंग लावून हे केलेलं नसतं. भांडं आव्यात उलटं, तोंड खाली करून रचलं, आत आणि काठाभोवती भुसा-पाचोळा भरला, की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, धूर कोंडतो आणि तो भाग काळा होतो, बाहेरच्या बाजूला ज्वाळा आणि हवा मिळते, तो लाल. एकाच जाळात दोन रंग. ही पद्धत भारतात ताम्रपाषाण काळापासून (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायचा काळ) महापाषाण (मोठे दगड रचून दफनं करायचा काळ) आणि सातवाहन काळापर्यंत वेगवेगळ्या प्रदेशांत चालू होती, त्यामुळे नुसतं काळं-लाल खापर मिळालं म्हणून एकदम काळ सांगून मोकळं व्हायचं नाही. सोबत काठ कसा आहे, भिंत किती पातळ आहे, आणि त्याच थरात आणखी काय मिळतंय ते बघायचं.

लेप आणि घोटाई हे दोन वेगळे धरा. लेप म्हणजे पातळ मातीच्या रबडीचा थर, तो कधीकधी कडेला वेगळा दिसतो किंवा टवका उडालेला असतो. घोटाई म्हणजे अर्धवट वाळलेलं भांडं गुळगुळीत दगडाने घासून आणलेली चमक, तिरपं धरलं तर घासल्याच्या बारीक पट्ट्या दिसतात. काचेसारखा थर असेल तर ते तिसरंच काहीतरी, ते पुढे येतंय.

पायरी 7: काळाचा अंदाज

इथे मी जोर्वे खापरावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण महाराष्ट्रात शिकायला सुरुवात करायची तर याच्यापासून करावी असं माझं ठाम मत आहे, एकदा नीट बघितलं की पुन्हा विसरत नाही.

जोर्वे हे संगमनेरजवळ प्रवरेकाठचं गाव. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं, आणि तिथल्या खापरावरून अख्ख्या संस्कृतीला गावाचं नाव मिळालं. नंतर नेवासे, दायमाबाद, चांडोली, इनामगाव, प्रकाशे अशा कितीतरी ठिकाणी तेच खापर निघालं. काळ साधारण इ.स.पू. 1400 ते 1000, आणि त्यानंतर उत्तर जोर्वे, म्हणजे याच संस्कृतीचा शेवटचा टप्पा, इ.स.पू. 700 पर्यंत.

आता तुकडा हातात घ्या. रंग नारिंगी-लाल, पृष्ठभाग मऊसर पण चकाकी नसलेला. त्यावर काळ्या रंगाने काढलेल्या रेषा, तिरप्या रेषांची जाळी, चौकटी, कधी प्राणी. रेषा भाजण्याआधी काढलेल्या, त्यामुळे ओल्या बोटाने पुसल्या जात नाहीत. भिंत पातळ, चाकावर केलेली, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा टणटण आवाज येतो. आकारही ठरलेले. एक वाडगा, ज्याची भिंत मध्येच कोनात वळते, तुकड्यात तो कंगोरा आला असेल तर बोटाला लगेच धार लागते. आणि दुसरं तोटीचं भांडं, पसरट तोंडाचं, बाजूला लांब तोटी असलेलं. तोटी तुटून वेगळी मिळते, ती नळीसारखी दिसते, म्हणून कडेला तिचा भांड्याला जोडलेला भाग शोधायचा.

आता ही खापरं वस्तीबद्दल काय सांगतात ते बघा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे खालच्या थरांत जोर्वे काळाची मोठी चौकोनी घरं आणि वर सांगितलं तसं देखणं, रंगवलेलं खापर आहे. वरच्या, उत्तर जोर्वेच्या थरांत घरं लहान गोल झोपड्यांची होतात आणि खापरही घसरतं, जाडंभरडं होतं, पृष्ठभाग निस्तेज होतो. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी हे सगळं कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी आणि हलाखीशी जोडलं. एखादं राज्य नाही, शिलालेख नाही, राजाचं नाव नाही, आणि तरी लोकांचे दिवस कसे फिरले ते खापरातून आणि घरांतून वाचता येतं. मला स्वतःला आर्किऑलॉजीत यापेक्षा जास्त भिडणारं काही वाटत नाही.

याच गावांत घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळालीत, दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत बाळाची हाडं. कुठल्याही कड्यात दोन मोठ्या मडक्यांची तोंडं समोरासमोर दिसली तर बोटसुद्धा लावू नका, थेट तज्ज्ञांना कळवा.

जोर्वेच्या आधीचे थर पाहायचे तर दायमाबादचा संस्कृतींचा क्रम लक्षात ठेवा, खालून वर: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे. प्रत्येक थराचं खापर वेगळं, आणि ते एकाच टेकाडात एकावर एक मिळालं म्हणून त्याला एवढं महत्त्व.

सातवाहन काळात, म्हणजे ढोबळ इ.स.पू. दुसरं शतक ते इ.स.चं तिसरं शतक, चित्र बदलतं. चित्रकाम जवळजवळ जातं. काळी-लाल खापरं, घोटलेली चकचकीत लाल खापरं आणि भरपूर साधी लाल भांडी मिळतात, सोबत मोठ्या विटा, मणी, कधी शंखाच्या बांगड्या. तेर, पैठण, जुन्नर, नेवासे इथे हेच सगळं. मध्ययुगात येईपर्यंत काचेच्या बांगड्यांचे तुकडे वाढतात आणि काचलेपाची, म्हणजे मघाशी म्हटलेल्या काचेसारख्या थराची, भांडी यायला लागतात.

पायरी 8: परदेशी पाहुणे

काही तुकडे इथले वाटतच नाहीत. माती वेगळी, जाडी वेगळी. अशा वेळी आतली बाजू नक्की बघा.

भारतात आधी रोमन अँफोरा (दोन कानांचे उंच रांजण) म्हणून नोंदवलेले बरेच तुकडे नंतर नीट तपासल्यावर टॉर्पेडो जार निघाले, म्हणजे मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताकडची लांबट, निमुळत्या बुडाची भांडी. त्यांना आतून डांबरासारखा काळा थर दिलेला असतो, पातळ पदार्थ पाझरू नये म्हणून. आता विचार करा, रोमशी व्यापार म्हणून जी गोष्ट सांगितली जात होती त्यातला काही भाग आखाताकडे वळला, आणि हे ठरलं ते आतल्या काळ्या थरावरून. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने 1945 मध्ये उत्खनन केलं तेव्हा आत बारीक टिंबांच्या चक्राकार नक्षीची काळसर ताटं मिळाली, ती भूमध्य समुद्राकडून आली असं त्याने मांडलं, पुढे मातीचं विश्लेषण झालं आणि ती भारतातच घडवलेली ठरली.

किनाऱ्यावर फिरत असाल, चौल वगैरे, तर निळसर-हिरव्या काचलेपाचे पश्चिम आशियाई तुकडे आणि चिनी पोर्सेलीन यांच्याकडे लक्ष ठेवा. गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला दोन्ही मिळालेत.

पायरी 9: धुणं, मोजणं, नोंदवणं

हे उत्खननाच्या टीमबरोबर किंवा सर्व्हेत परवानगीने गोळा केलेल्या मालाबद्दल. साधं पाणी, मऊ ब्रश, साबण नाही. रंगवलेला तुकडा असेल तर आधी कोपऱ्यावर थेंब टाकून बघा, रंग हलतोय का. सावलीत वाळवा, ओलं पिशवीत भरलं की बुरशी येते. वेगवेगळ्या थरांचे ढीग एकत्र वाळत घालू नका, एका ढिगातले दोन तुकडे दुसऱ्यात गेले तर काळाचं गणित बिघडतं आणि कुणाला कळतही नाही. वाळल्यावर प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला, तुटलेल्या कडेला न लागता, साइटचं छोटं नाव, ट्रेंच (खोदलेला चर) आणि थर काळ्या शाईने.

नुसती संख्या मोजू नका, वजनही करा, कारण एक मोठा रांजण फुटला तर दोनशे तुकडे होतात आणि वाटीचे पाचच, संख्येवरून वाटेल गावात सगळे रांजणच होते.

काही तुकडे न धुता बाजूला ठेवायचे, विशेषतः बुडाचे आणि आत काही चिकटलेले. भांड्याच्या भिंतीत स्वयंपाकातली स्निग्धता मुरलेली असते आणि ती हजारो वर्षांनंतरही प्रयोगशाळेत ओळखता येते. सिंधू संस्कृतीच्या खापरांवर असं काम झालंय आणि प्राण्यांची चरबी, काही ठिकाणी दुधाचे पदार्थ यांच्या खुणा मिळाल्यात. त्यामुळे हे तुकडे उघड्या हाताने हाताळायचे नाहीत, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचे, प्लॅस्टिकला थेट लावायचे नाहीत. थर्मोल्युमिनेसन्सने, म्हणजे खापर तापवून बाहेर पडणारा प्रकाश मोजून, वय काढायचं असेल तर आजूबाजूची मातीपण घ्यावी लागते, कारण खापरातल्या कणांत साठलेली ऊर्जा काही प्रमाणात त्या मातीतल्या किरणोत्सर्गातून आलेली असते.

पायरी 10: कायदा आणि पुढचा रस्ता

संरक्षित स्थळावरून काहीही उचलणं हा गुन्हा आहे, आणि परवाना नसताना खणायचं नाही, स्वतःच्या शेतातल्या टेकाडावरसुद्धा नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू येतात, आणि 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं काही मौल्यवान मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नवीन साइट वाटत असेल तर फोटो, लोकेशन आणि गावाचं नाव घेऊन राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. कुठे रस्ता किंवा तळं खोदताना टेकाड कापलं जात असेल तर त्याच दिवशी कळवा, आठवड्याने तिथे सपाट जमीन असेल.

डोळा तयार होतो तो मात्र खरी खापरं बघून. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे आणि इनामगावचा माल आहे, तेरला लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळाचा खजिना आहे, कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरी उत्खननातल्या वस्तू आहेत. जाताना वही न्या आणि मोबाइलवर फोटो काढत सुटण्यापेक्षा पेन्सिलने काठाचा छेद काढा, मधोमध उभी रेषा, एका बाजूला छेद आणि आतली बाजू, दुसऱ्या बाजूला बाहेरची. तळाशी व्यास, मातीचा प्रकार, रंग आणि कुठल्या कपाटातला तुकडा हे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शेतात तसाच काठ दिसला की वही उघडून जुळवून बघता येतं.